रिठ्याचं पाणी

"साहेब, तानीचं नाव का नाय यादीत?" चंद्रीनं विचारलं.

सुपरवायझर श्रीपादराव टाकीवर वाकून बघत होते. इलॅस्टिकसाठी रबराचे बारीक धागे टाकीतल्या पाण्यातून ओढून वर घ्यायचे, हे त्या उल्हासनगरच्या शेडमधल्या सहा बायकांचं काम. गेल्या आठवड्यापर्यंत धागे वर येताना एकमेकांना चिकटत, ताणले की तटातट तुटत. दिवसभर जोडाजोड चाले. आता एकही तुटत नव्हता. जोडायला बायका लागत नव्हत्या, आणि दारावर लावलेल्या, कामावर ठेवायच्या बायकांच्या यादीत दोनच नावं उरली होती.

"अगं, पाण्याच्या वरच्या थरालाच ताण असतो," श्रीपादराव खुशीत म्हणाले. "जाड दोरीला तो कळतही नाही. धागा जितका बारीक, तितका तो छळतो. तू रिठे भिजवून टाकलेस आणि तो सैल पडला! मी पुस्तकात वाचलं होतं, पण सुचलं तुला."

"धागे जोडून जोडून तानीची बोटं सोलली व्हती, म्हनून टाकले. तुमाला इस्वासानं सांगितलं. मालकाला सांगनार नाय, बोल्ला व्हता तुमी."

"मालकांनी विचारलं, तर काय खोटं बोलू? उलट तुझं नाव मीच घातलं यादीत."

वा रे उपकार! चंद्रीच्या अंगाची आग झाली. खरवई गावामागच्या रानात तिनं आणि तानीनं, नणंद-भावजयींनी मिळून ते रिठे वेचले होते. गोड बोलून केसानं गळा कापला मेल्यानं, आणि वर शाबासकी मागतोय!

ती तशीच बाहेर आली. तानी दाराशी उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. यादी कुणीतरी वाचून दाखवली होती.

"वैनी, रिठ्याचं तू सांगितलंस त्यांना?"

"तुझ्या हातांसाठी गं. मला काय ठावं, असं करतील?"

तानीनं आपल्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब, मी पन येते घरी. नको मला यांचं काम."

"येडी का काय? दोघी बसलो तर पोरं काय खातील? तू जा आत."

चंद्रीला रडू फुटलं. तिनं तानीचा दंड धरला. तानीनं तो हळूच सोडवून घेतला, जेवणाचा डबा काखेत मारला आणि रस्त्याला लागली. चार पावलांवर थांबली, पण वळली नाही.

"माझी भाकर थापू नको. आजपास्नं चूल येगळी."