असली सुरमई

असलुयेच्या किनाऱ्यावर गॅसचे कारखाने आले आणि जन्मभर गलबत हाकारलेल्या म्हाताऱ्या नाखुदा इद्रीसची अन्नावरची वासनाच उडाली. रोज पहिल्याच घासाला तो सुनेवर डाफरायचा, "मासळीला पुन्हा घासलेटचा वास! मरायच्या आधी एकदा असली सुरमई खाऊ घाल गं."

"समुद्र काही मी नाही नासवला, बाबा," माहरुख म्हणायची.

शेवटी मुलगा जासिम दिवसभर गाडी हाकत लांबच्या स्वच्छ किनाऱ्यावर गेला आणि बर्फात घालून ताजी सुरमई घेऊन आला. माहरुखने ती नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजली.

इद्रीसने घास घेतला. बराच वेळ चघळला. मग ताट बाजूला सारलं.

"फसवलं रे तुला, जासिम. हिला समुद्राचा वासच नाही."