रोझवूडचं पुढचं दार

तिच्या नेहमीच्या मागच्या दाराची गल्ली पाण्याच्या नळासाठी खणून ठेवली होती, म्हणून ऑफेलिया बँक्स त्या रविवारी दुपारी रोझवूड बारच्या पुढच्या दाराशी आली. निळा मणीदार झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, पायात उंच टाचा, डोक्यावर केसांचा भलाथोरला टोप. टॅक्सीतून उतरताच तिला वर्लीनमावशीची जांभळी हॅट दिसली.

मावशी रांगेत उभी होती. तिच्यामागे अमोस न्हावी आणि चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणारी मिस आयडेल. तिघंही सकाळच्या प्रार्थनेच्या कपड्यांत. ऑफेलियाला आधी आनंद झाला आणि मग राग आला. इतक्या वर्षांत आज सवड झाली होय यांना!

आठवडाभर ती क्लिफ्टन नावाचा माणूस असायची, टपाल कचेरीत पत्रं निवडायची. रविवारी दुपारी तो ऑफेलिया व्हायचा, आणि बाईच्या वेशात तिच्या तोडीचं नाचणारं अख्ख्या बाल्टिमोरमध्ये कुणी नव्हतं. पण समोर बसलेले सगळे गोरे. स्वतःच्या काळ्या वस्तीतलं चिटपाखरूही तिथे दिसायचं नाही. हे तिच्या मनाला फार लागलं होतं. आईमागे वाढवलं मावशीने, झग्याचे मणीही तीच टाके घालून बसवायची, पण नाच बघायला म्हणून कधी आली नाही. संध्याकाळी तळलेले मासे वाढताना मात्र खोदून खोदून विचारायची, "कोणतं गाणं केलंस? लोक उठून उभे राहिले का?"

"येऊन बघ की."

"गुडघे रे बाळा, गुडघे."

"देवाच्या दारात तासन्‌तास उभी राहतेस. माझ्या दारातच बरे दुखतात!"  यावर मावशी आणखी एक मासा वाढायची.

म्हणूनच मागच्या आठवड्यात ऑफेलियाने थेरॉनला उडवून लावलं होतं. थेरॉन तिचा चळवळीतला सोबती. एड्सने आजारी पडलेल्या मित्रांना घरचे लोकही शिवत नव्हते, तेव्हा या दोघांनी त्यांना डबे पोचवले होते, महापौरांच्या कचेरीसमोर थंडीत घोषणा दिल्या होत्या. तो म्हणाला, "रोझवूडवाले काळ्या माणसाला दारात ओळखीची, फोटो असलेली तीन-तीन कार्डं मागतात. गोऱ्याला एकही नाही. ऑफेलियाबाई, तुम्ही एक रविवार नाचू नका, दार आपोआप उघडेल."

"कुणासाठी नाचू नको? आपली माणसं येतात कुठे? आधी त्यांना दारापर्यंत तर येऊ दे, मग बघू. आणि रोझवूड सुटलं तर मी काय टपालाच्या पेट्यांपुढे नाचू?"

 शहरात तसा रंगमंच दुसरा नव्हता, हे थेरॉनलाही ठाऊक होतं.

आता ती झगा सावरत रांगेकडे निघाली. मावशीला चांगला टोमणा हाणायचा, असं तिने ठरवलंच होतं. तेवढ्यात दारावरचा पोरगा मावशीला म्हणाला, "तीन कार्डं, बाई."

मावशीने पर्स उघडली. "या वेळी दोन आणलीत, पोरा. हा मोटारीचा परवाना आणि हे कामावरचं."

"दोन चालत नाहीत. मागच्या वेळीही सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस खरं." मावशीने कार्डं पर्समध्ये ठेवली. तिला राग आलेला दिसत नव्हता. दोन गोरे तरुण हसत-खिदळत बाजूने आत गेले. पोऱ्याने त्यांच्यासाठी कोपराने दार धरलं आणि त्यांच्याकडे साधं वळूनही पाहिलं नाही.

ऑफेलियाच्या तोंडातला टोमणा तोंडातच राहिला.

"मावशी, मागच्या वेळी म्हणजे?"

मावशी दचकली. उत्तर अमोसने दिलं. "तुझ्या वाढदिवसाला येतो आम्ही. नाताळात येतो. नाचाच्या स्पर्धेत तुला मुकुट मिळाला त्या रविवारीही आलो होतो, मी तर नवा कोट शिवला होता. गाणं इथे भिंतीतून बऱ्यापैकी ऐकू येतं."

"मला का नाही सांगितलंत?"

 मिस आयडेल हातमोज्यांकडे बघत राहिली. मावशीने ऑफेलियाच्या खांद्यावरचा एक सैल मणी चिमटीत धरून नीट बसवला. "जा आत. तुझं गाणं लागलंय."

"या ना, ऑफेलियाबाई!" पोऱ्याने दार सताड उघडलं. "मालक केव्हाचे हाका मारतायत."

"मला नाही मागितलीस कार्डं?"

"तुम्हाला? चेष्टा करता काय! तुम्हाला कोण ओळखत नाही?"

आतून टाळ्या आणि तिच्या नावाचा गजर ऐकू येत होता. तिला तो गजर फार आवडायचा. आज मात्र तो ऐकताना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण पुढे काय होणार ते तिला कळत होतं.

"आत जाऊन सांग, ऑफेलियाकडे तीन कार्डं नाहीत. या चेहऱ्याचं तर एकही नाही."

तिने झग्याचा घोळ हातातून सोडला. तो फुटपाथच्या धुळीत पडला. ती मिस आयडेलच्या मागे जाऊन उभी राहिली.

मालक धावतच बाहेर आला. लोक खोळंबलेत म्हणाला, हात जोडले, मग आवाज चढवला. "आत्ता आत आली नाहीस, तर पुन्हा या रंगमंचावर पाय ठेवायचा नाही!"

"येणार आहे की. पण रांगेतून."

मालकाने दार आपटलं. आतलं गाणं मधेच बंद झालं. मावशीने सुस्कारा सोडला आणि मागे वळून तिच्या धुळीने भरलेल्या झग्याकडे पाहिलं.

"बघितलंस? म्हणून तर तुला कधी सांगितलं नाही."