कपबशीची साक्ष

कप बशीवर किणकिणायला लागला. पेंटरने तो दोन्ही हातांनी धरला, तरी किणकिण थांबेना. समोर बसलेल्या बायकोने ती मुद्दाम ऐकून घेतली.

"आज किती सिगरेटी झाल्या?" तिने विचारलं.

"एकही नाही. एकवीस दिवस झाले."

तिने नाक मुरडलं. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवताना ज्याची रेघ केसभर हलली नाही, त्या माणसाला आता साधा कप धरवत नव्हता. रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, जरा काही बोललं की खेकसणं. तलफ म्हणावी, तर ती दोन आठवड्यांत ओसरते. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हॉस्पिटलच्या औषध विभागात तिचा शब्द शेवटचा होता. मग एकविसाव्या दिवशी हात थरथरतात, याचा अर्थ एकच. स्वारी अधूनमधून ओढतेय आणि पकडलं जायच्या धास्तीने लटपटतेय. शर्टाला वास येत नव्हता, खिशात तंबाखूचा कण सापडत नव्हता. म्हणजे यावेळी जरा हुशारी आली होती, एवढंच.

याआधी त्याने पाच वेळा सिगरेट सोडली होती. एकदा पाकीट ब्रशांच्या डब्यात सापडलं, एकदा पाण्याच्या पंपाच्या झाकणाखाली. खोटं बोलायलाही अक्कल लागते आणि ती याला द्यायची राहून गेली, असं तिचं स्वच्छ मत होतं.

यावेळी गोष्ट साधी नव्हती. महिन्यापूर्वी मुलीला बाळ झालं होतं, तेही दिवस भरायच्या आत. बाळाची फुप्फुसं नाजूक होती. सिगरेट ओढणारा माणूस माझ्या घरात पाऊल टाकणार नाही, मग तो कुणी का असेना, असं मुलीने बजावलं होतं. आज सात वाजता तिचा फोन येणार होता. "बाबांच्या शपथा मला नकोत. आई, तू सांगशील ते खरं," असं ती म्हणाली होती. पेंटरने नातवाला अजून पाहिलं नव्हतं. उद्या जायचं म्हणून त्याने शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. बायकोला त्या शर्टाकडे बघून हसूच आलं होतं.

"अगं, अजून थोडी देतेस?" त्याने कप पुढे केला.

"घ्या. कॉफीला तरी कुणी अडवलंय," ती म्हणाली आणि तिने काठोकाठ ओतली. दिवसाचा हा पाचवा कप. इतकी वर्षं रोज पाचच, त्यात कधी खाडा नाही.

पावणेसातला फोन वाजला. मुलीचा नव्हता, वॉर्डातल्या नव्या डॉक्टरचा होता. दम्याचा एक म्हातारा आठवड्यापूर्वी दाखल झाला होता. गोळी तीच, डोसही वर्षानुवर्षांचा. पण आता त्याला झोप नाही, छाती धडधडते, हात कापतात. काय करावं?

"अहो डॉक्टर, शिकलात ते परीक्षेच्या हॉलमध्येच सोडून आलात का?" तिचा आवाज चढला. "तो सिगरेट ओढत होता का, हे विचारलंत? ओढत होता ना? मग वॉर्डात बंद झाली असणार. धूर छातीत जातो तोवर यकृत दामटून काम करतं, औषध भराभर निपटून टाकतं. धूर बंद झाला की यकृत आपल्या मूळ चालीवर येतं आणि तीच गोळी अंगात साचत जाते. डोस कमी करा, सकाळी रक्त तपासा. शेंबड्या पोराला कळावं इतकं सोपं आहे हे. आणि त्याची कॉफीही तोडा. ती या गोळीची सख्खी बहीण, तीसुद्धा धूर बंद झाला की अशीच अंगात..."

ती थांबली. टेबलावर कप किणकिणत होता.

"तीसुद्धा काय, मॅडम?" पलीकडून डॉक्टर विचारत होता. तिने फोन ठेवून दिला.

आठ वर्षांपूर्वीही सिगरेट सोडल्यावर नवऱ्याचे हात असेच कापत होते. महिनाभर. तेव्हाही शर्टाला वास नव्हता. शेवटी तिनेच कोपऱ्यावरून पाकीट आणून याच्यापुढे फेकलं होतं, "ओढा एकदाची, पण हे ढोंग पुरे." आणि त्याने ती ओढली होती.

तिने उठून त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि कॉफी मोरीत ओतली. बायको आणखी एक शिक्षा देतेय, असंच त्याला वाटलं असावं. तिला स्वतःची किळस आली.

बरोबर सातला मुलीचा फोन आला.

"सोडली आहे त्यांनी," ती म्हणाली.

"आई, तू म्हणतेस हे? कशावरून?"

"त्यांचे हात बघ उद्या," ती म्हणाली. "कप धरवत नाहीये त्यांना."