वर्नाची लाल रेघ

ऑपरेशन थिएटरमधल्या पडद्यावर वर्ना होल्मग्रेनच्या पायाच्या दोन रेघा होत्या. हिरवी, सरळ, पाय असायला हवा तसा. आणि लाल, बाहेरच्या बाजूला फुगलेली, म्हणजे वर्नाचा.

गुडघ्यावरची चीर चार बोटांची. हल्ली अल्बर्टा प्रांतात कुणाला मोठी चीर नको असते. एवढ्या फटीतून हाड नीट दिसत नव्हतं, म्हणून डॉक्टर टेस्के पडद्याकडे बघत होते. कमरेखाली बधिर केलेली वर्नाही तिकडेच बघत होती. पडदा मला दिसेल असा ठेवा, एवढी एकच अट तिने घातली होती.

"सात अंश वाकडा," डॉक्टर मशीन सांभाळणाऱ्या कोडीला म्हणाले. "शून्यावर आणू."

"नाही आणायचा," वर्ना म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. बोलणारा गुडघा त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"मिसेस होल्मग्रेन, सरळ पाय चांगला असतो."

"चालायला. मला सप्टेंबरात गुरं डोंगरावरून खाली आणायचीत. पन्नास वर्षं या दोन पायांच्या मध्ये घोडा आहे. पाय सरळ केलास, तर त्याने जायचं कुठे?"

"नवा सांधा सरळ बसवला तर पंचवीस वर्षं टिकेल."

"मी त्र्याहत्तरची. शेवटची काही वर्षं तो वापरणार कोण, तू?"

भूल देणाऱ्या बाई मास्कच्या आत खोकल्या.

"बरं. दोन अंश ठेवतो."

"बाळा, तुझा बाप लिलावात माझ्या वासरांना असाच भाव सांगायचा."

"तीन. त्यापुढे गेलो तर सांधा लवकर झिजेल."

"चार. आणि झिजू दे. माझाच आहे ना?"

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मग, सकाळपासून पहिल्यांदाच, मधल्या हिरव्या चादरीवरून तिच्या तोंडाकडे.

"चार कर," ते कोडीला म्हणाले.

कोडीने आकडा घातला. मशीन किंचाळलं.

"घेत नाहीये, सर. शून्य का नको, त्याचं कारण विचारतंय. हाड ठिसूळ, जुना अपघात, किंवा इतर."

"इतर."

"इतर म्हणजे काय, ते लिहा म्हणतंय."

वर्नाने उशीवरून मान उचलली.

"लिही," ती म्हणाली, "पेशंट शुद्धीवर होती."