खिशातली रिबीन

ए, ऐक. मधे बोलू नको, नुसतं ऐक.

बिरप्पा टोपी हातात धरून सोलापूरच्या बालगृहाच्या ऑफिसात बसलेला. सांगोल्याहून पहिल्या एसटीनं आलेला, पोरीला न्यायला. बालकल्याण समितीचा आदेश झालेला. ताब्याच्या कागदावर त्यानं अंगठा दिलेला, अंकिताची सही तेवढी राहिलेली. अंकिता म्हणजे तिथली समुपदेशक, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. पूनम तिची पहिली केस. घरी जाणारी पहिली पोरगी! अंकितानं सात रस्ता चौकातून पेढे आणलेले.

पूनम पंधरा वर्षांची. पुण्यात बंगल्यात लेकरं सांभाळायचं काम आहे म्हणून एका माणसानं नेली. कसला बंगला? हायवेवरचं लॉज. आठ महिने. पोलिसांच्या पथकानं छापा टाकून सोडवलं आणि ती सोलापूरला आली. पहिल्या दिवशी तोंडच उघडेना. शिवम्मा, म्हणजे तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी, अक्कलकोटकडच्या, त्यांनी भात कालवून दिला तर नुसती ताटाकडं बघत बसली.

अंकितानं लई गोड बोलून विचारलं, "तो माणूस कसला आहे, ते तुझ्या वडिलांना माहीत होतं का गं?"

पूनमनं वेणी पुढं ओढून घेतली. मग म्हणाली, "आबा स्टँडवर आलते की. गाडीत बसायच्या आदी माज्या येणीची रिबीन सोडून घेतली त्यांनी. तांबडी. खिशात घातली. मग म्हनले, जा."

बस्स. एवढंच. आणि अंकिताकडं बघत राहिली. पुढचं आता अंकितानं बोलायचंय, असं बघत राहिली.

अंकिताच्या डोळ्यांत पाणीच आलं गं. लेक लांब चाललीय, तिचं काहीतरी आपल्याजवळ असावं म्हणून बापानं रिबीन ठेवून घेतली! तिच्या स्वतःच्या वडिलांनी जन्म टॉवेलच्या कारखान्यात घालवला, पण पोरीची पहिलीतली पाटी अजून कपाटात ठेवलीय. तसंच वाटलं तिला. तिनं अहवालात लिहिलं, 'वडिलांचा मुलीवर अतिशय जीव. त्यांची फसवणूक झालेली दिसते. घरी पाठवणे योग्य.'

मग चौकशीला माणसं सांगोल्याला जाऊन आली. घर आहे. मेंढरं आहेत, शेरडं आहेत. आई वारलेली. धाकटी बहीण चिमी, तेरा वर्षांची, शाळेत जाते. आलेल्यांना पाणी तिनंच आणून दिलं. सगळं नीट. कागद इकडून तिकडं फिरायला चार महिने लागले. तू घरी चाललीस म्हटल्यावर पूनमनं एकच विचारलं, "चिमी हाय न्हवं घरी?"

"आहे की," अंकिता म्हणाली. लगेच पूनमनं पिशवी भरायला घेतली.

तर त्या दिवशी. पूनम पिशवी घेऊन दारात उभी. शिवम्मा चहा घेऊन आत आल्या. बिरप्पा लेकीकडं बघेचना, फरशीकडंच बघत बसलेला. अंकितानं विचारलं, "चिमीला नाही आणलं?"

"मेंढरांमागं गेलीया."

अंकिताला वाटलं, माणूस बावरलाय. जरा मोकळा व्हावा म्हणून तिनं हसत विचारलं, "काका, ती रिबीन आहे का हो अजून? का हरवली?"

"हाय की," बिरप्पा म्हणाला. "हरवून कसं चालंल?" आणि बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

रिबीन निघाली. तांबडी, चुरगाळलेली. तिच्यात गुंतून आणखी एक निघाली. हिरवी.

पूनमच्या हातातली पिशवी खाली पडली. "चिमीची," ती म्हणाली.

  शिवम्मांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि बिरप्पाच्या अगदी तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अय्यो, दोगींनाबी रे?"

बिरप्पानं रिबिनी मुठीत दाबल्या. शिवम्मा अंकिताकडं वळल्या. "अक्का, आमच्याकडं बाजारात शेरडू इकलं तर शेरडू देतेत. गळ्यातलं दावं देत न्हाईत. दावं सोडून घेऊन खिशात घालायचं, घरी आणायचं. न्हाईतर त्याच्यासंगट घरातली बरकत जाती म्हंतेत. बारकी पोरंबी जाणत्यात हे."

अंकिताच्या हातात पेन तसंच. ती पूनमकडं वळली.  "मग तू मला सांगितलं का नाहीस गं?"

पूनम रडत नव्हती. त्या मुठीकडं बघत होती. "सांगितलं की, मॅडम. तुमी इचारलं तवाच."

अंकितानं सही केली नाही. पोलिसांना फोन केला. बिरप्पा आत आहे, पूनम अजून बालगृहातच आहे. चिमीला शोधायला पथक गेलंय, त्याला आज बावीस दिवस झाले. बिरप्पा म्हणतो, नेणाऱ्याचं नावच ठाऊक नाही. पूनम रोज दुपारी गेटपाशी येऊन बसते, कोण आलं का बघायला. आणि अंकिता रोज तो अहवाल काढून त्याच्यावरची तारीख बघते. ज्या दिवशी तिनं तो लिहिला ना, त्या दिवशी चिमी घरी होती. त्यानंतरही दोन महिने घरीच होती.

आता तू सांग. उगाच शहाणपणा नको, खरं सांग. पंधरा वर्षांची पोरगी तुझ्यासमोर बसलीय आणि म्हणतेय, आबांनी माझी रिबीन खिशात ठेवली. तू काय लिहिलं असतंस?