हाताएवढं वजन

“हात शेवटपर्यंत स्टिअरिंगवरच होता, असं गाडी म्हणते,” इंजिनिअरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “तेच कोडं होतं आम्हाला.”

सीट कव्हरं शिवणाऱ्या काकांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही. ते टेबलावरच्या ट्रेकडे बघत होते. ट्रेमध्ये जावयाच्या वस्तू होत्या. चष्मा, पाण्याची अर्धी बाटली, बाळाचा एक पायमोजा. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. सही करायची आणि या वस्तू घेऊन घरी जायचं, एवढ्याचसाठी बापलेक सर्व्हिस सेंटरवर आले होते.

जावई चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्याची गाडी चालवायचा. सकाळी काचांची खोकी घेऊन हायवेने दुसऱ्या शहरात जायचं, संध्याकाळी परत यायचं. गाडी नवी होती. हायवेला लागली की आपली आपण चालायची. लेन सोडायची नाही, पुढच्या गाडीच्या अंगावर जायची नाही. अट एकच, चालकाचा हात स्टिअरिंगवर हवा. हात निघाला की ती टोकायची.

“नुसती टोकत नाही हो,” इंजिनिअर सांगू लागला. तो तरुण होता. वाईट गोष्टी सांगायची सवय त्याला अजून झाली नव्हती. “आधी बीप वाजतो. मग सीट थरथरते. तरी हात आला नाही, तर गाडी वेग कमी करते, कडेला थांबते आणि स्वतःच अँब्युलन्सला फोन करते. चालकाला काही झालं तर, म्हणूनच केलंय ते. तुमच्या जावयांच्या मनगटावरच्या घड्याळात नाडीची नोंद आहे. निघाल्यावर वीस मिनिटांत हृदयाचा झटका आला. त्यानंतर गाडी तासभर चालली. एक चूक केली नाही तिने. टोलनाक्याच्या रांगेत जाऊन शहाण्यासारखी उभी राहिली. मागच्यांनी हॉर्न वाजवले, तेव्हा लोकांना कळलं.”

“आणि नाडी?” मुलीने विचारलं. “ती कधी थांबली?”

इंजिनिअरने काकांकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

“झटक्यानंतर चाळीस मिनिटं चालू होती,” तो म्हणाला.

मुलीने पायमोजा उचलून मुठीत धरला.

इंजिनिअरने ड्रॉवर उघडला आणि एक काळी, लांबट पिशवी टेबलावर ठेवली. रेक्झिनची, आत वाळू, मागे चिकटपट्टी. “मग काल हे सापडलं. स्टिअरिंगच्या एका अंगाला चिकटवलं होतं. रंगाला रंग इतका जुळवलाय की पोलिसांच्याही नजरेतून सुटलं. बरोबर हाताएवढं वजन. गाडी बिचारी फसली. तिला वाटत राहिलं, माणूस जागा आहे.”

त्याने पिशवी उलटी केली. “काम मात्र कसबी माणसाचं आहे. काका, तुम्ही सीट कव्हरच्या धंद्यातले. असलं कोण शिवतं हो बाजारात? नाव सांगा फक्त. मी सोडणार नाही त्याला.”

असल्या पिशव्या मागायला काकांच्या दुकानात आजवर कितीतरी ड्रायव्हर आले होते. काकांनी सगळ्यांना परत पाठवलं होतं. “गाडी टोकते ती बायकोसारखी, तुझ्या भल्यासाठीच. ऐकून घ्यायला शीक,” असं म्हणायचे. फारच मागे लागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचे. आयुष्यभर त्यांनी माणसाच्या पाठीला आराम पडावा म्हणून शिवलं होतं. हे त्यातलं काम नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नकार मोडला तो एकदाच.

मुलगी काहीतरी बोलणार होती. काकांनी टेबलाखाली तिचा हात धरला आणि घट्ट दाबला.

“मी शिवलीय,” काका म्हणाले.

इंजिनिअरने पिशवी खाली ठेवली. “तुम्ही? स्वतःच्या जावयासाठी?”

“शिवणीच्या शेवटी बघा. तीन उलटे टाके आहेत. चाळीस वर्षं मी शिवण तशीच संपवतो.” हे सगळं काका चार दिवस मनात घोळवत होते, म्हणून न अडखळता बोलत होते. “त्याला नको होती. ‘राहू द्या बाबा, मला सवय झालीय’ म्हणाला. मीच त्याच्या गळ्यात मारली. दिवसभर हात धरून धरून खांदा भरून यायचा त्याचा. घरी आल्यावर बाळालासुद्धा उचलता यायचं नाही. माझं नाव लिहा. जे काय करायचं ते माझं करा. हिला यातलं काही ठाऊक नाही. घरी तान्हं मूल आहे, हिला जाऊ द्या.”

इंजिनिअर खाली मान घालून लिहू लागला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. बीप, बीप, बीप. तो आवाज थांबल्यावर इंजिनिअरने मान वर केली.

“म्हणजे कल्पना तुमचीच?” त्याने विचारलं. “तसं लिहावं लागेल मला.”

“माझीच. दुसऱ्या कोणाची असणार?”

मुलीने बापाच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मुठीतला पायमोजा काढून, सरळ करून, चष्म्याशेजारी ठेवला.

“खोडा ते,” ती म्हणाली. “बाबा मला तीनदा नाही म्हणाले होते. चौथ्यांदा मी रडले, म्हणून शिवली त्यांनी.”