शहात्तर क्रमांकाची कुपी

ही २०६१ सालची गोष्ट. तेव्हा साठवलेल्या पेशींतून नवी किडनी वाढवत आणि पाळी कुपीवरच्या क्रमांकानं ठरे. एक क्रमांक एकदाच, हा नियम पेशीपेढीच्या संगणकात केतकीनंच घातला होता. तिची स्वतःची पाळी आली, तेव्हा पडद्यावर उमटलं, 'क्रमांक शहात्तर वापरला गेला आहे.'

शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसणारी हेमांगी मान वर करेना.

"माझं लेबल कुठं लावलंस?"

"आमच्या यांच्या कुपीवर. त्यांना वेळच नव्हता गं. तुला नवा क्रमांक मिळेल की."

"मिळेल. नऊ वर्षांच्या रांगेत शेवटचा."

केतकी तीन वर्षं डायलिसिसवर जगली. हेमांगीचे यजमान अजून रोज टेकडी चढतात. केतकीच्या तेराव्याला हेमांगी आली, तेव्हा केतकीच्या लेकीनं तिला आग्रहानं जेवायला बसवलं. आईनं घरी कुणाला काही सांगितलंच नव्हतं.